दहा सेकंदांचा दम

टेपचं तोंड तुटलेलं आहे. शून्याचा आकडा कधीच गेलाय, म्हणून सर एकच्या आकड्यावर अंगठा दाबून उकिडवे बसतात आणि टेप ओढत निघालेल्या मुलाला ओरडून सांगतात, ‘‘एकवीसवर थांब रे. वीस नाही, एकवीस!’’ मुलगा एकवीसवर थांबतो, टाचेनं मातीत खूण करतो. मग सर स्वतः उठून तिथं जातात, टेप ताणून पुन्हा बघतात. खूण चार बोटं अलीकडे पडलेली असते. ती पुसून दुसरी होते. बादलीतली फक्की चिमटीनं सोडत दोन समांतर रेघा आखल्या जातात. सुरुवातीच्या रेघेमागे पाच मीटरवर आणखी एक रेघ. ही तिसरी रेघ मला आधी फालतू वाटते. तिच्याकडे कोणी पळत जात नाही, नुसतं चालत जायचं असतं.

दहिसर पश्चिमेला, लिंक रोडवरून आत वळलं की लागणारं हे मैदान. मैदान म्हणायचं ते सवयीनं. मधोमध क्रिकेटची खेळपट्टी आहे, तिच्याभोवती दोरी आहे, आणि फुटबॉलवाल्यांच्या वाट्याला कुंपणालगतची लांबोडकी पट्टी आलेली आहे. नवरात्रातला रविवार, सकाळचे साडेसहा. रात्री पावसाची एक सर येऊन गेलीये, त्यामुळे माती बसलीये, पण हवा चिकट आहे. काहीही न करता नुसतं उभं राहिलं तरी मानेवर घाम येतोय. वरच्या पुलावरून मेट्रो जाते. एवढ्या सकाळी तिच्यात फारसं कोणी नसतं.

सतरा वर्षांखालच्या संघातली सोळा मुलं आलीयेत. त्यातली एक मुलगी, मिडफिल्डला खेळते. आठजणांनी पळायचं आणि आठजणांनी प्रत्येकी एकाचा हिशेब ठेवायचा, मग अदलाबदल. सरांच्या मदतीला फिजिओथेरपी शिकणारी एक मुलगी आहे. पोरांपेक्षा ती पाच-सहा वर्षांनीच मोठी असेल, पण सगळे तिला मॅम म्हणतात. तिच्याकडे छातीला बांधायचा हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा आहे, पण एकच. तो डाव्या बॅकला बांधला जातो, कारण गेल्या महिन्यात सगळ्यांत जास्त तोच पळाला होता. पट्टा बांधून झाल्यावर मॅम घड्याळात बघते आणि भुवया उंचावते. अजून पळायला सुरुवातही नाही आणि आकडा 96.

‘‘टेन्शन आलंय काय?’’

‘‘नाही मॅम.’’

डाव्या बॅकचे वडील बाहेर रिक्षा लावून आत आलेत. खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, हातात कटिंगचा कागदी कप. बराच वेळ रेघा, कोन, स्पीकर असं सगळं न्याहाळून ते विचारतात, ‘‘सर, बॉल कुठाय?’’

‘‘आज बॉल नाही.’’

‘‘मग कसली टेस्ट?’’

सर हसतात. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. ‘‘दादा, नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये एका प्लेअरच्या पायात बॉल किती वेळ असतो? दोन-तीन मिनिटं. बाकी वेळ तो काय करतो, ते आज बघायचंय.’’

वडिलांना ते पटलेलं दिसत नाही. पण बाकीच्या वेळेचा हिशेब खरोखर मजेशीर आहे. वरच्या दर्जाच्या सामन्यात गोलकीपर सोडला तर एकेक खेळाडू दहा-बारा किलोमीटर अंतर कापतो. त्यातलं बरंचसं चालत किंवा रमतगमत पळत. जीव तोडून पळणं थोडंच, तुकड्यातुकड्यांत, पण सामना फिरतो तो त्याच तुकड्यांत. म्हणजे पोरगं किती जोरात पळतं याला अर्धीच किंमत. एकदा जोरात पळून झाल्यावर दुसऱ्यांदा तेवढ्याच जोरात कधी पळू शकतं, हे खरं विचारायचं.

तेच विचारणारी ही यो-यो चाचणी. यो-यो म्हटलं की आपल्याकडे क्रिकेटच आठवतं. 2018 साली अंबाती रायुडू या चाचणीत अडकला, इंग्लंडच्या दौऱ्यातून बाहेर गेला, तेव्हा नाक्यानाक्यावर तिची चर्चा झाली होती. पण ती बेतली फुटबॉलसाठी, आणि बेतणारा कोपनहेगनचा येन्स बांग्सबो. शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक, पण स्वतः डेन्मार्कच्या लीगमध्ये खेळलेला आणि पुढे युव्हेंटससारख्या क्लबच्या प्रशिक्षकांच्या ताफ्यात काम केलेला. त्याच्या आधीही चाचण्या होत्याच. अमेरिकन हवाई दलातल्या डॉक्टर केनेथ कूपरनं 1968 साली सांगितलं, बारा मिनिटं पळा आणि किती अंतर गेलं ते मोजा. 1970 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या ब्राझीलच्या तयारीतही कूपरची पद्धत होती. मग कॅनडात ल्यूक लेजेनं 1982 च्या सुमारास बीपच्या तालावर वीस मीटर ये-जा करायची चाचणी आणली. पण दोन्हींत माणूस अखंड पळतो. मैदानावर असं कोण पळतं? बांग्सबोनं मध्ये थांबा घातला. वीस मीटर जा, वीस मीटर या, मग दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत मागच्या पाच मीटरच्या रेघेपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. फालतू वाटलेली ती तिसरी रेघ हीच.

‘‘रेडी?’’ सर मोबाइलवर बोट ठेवतात. स्पीकर खुर्चीवर उभा करून ठेवलेला आहे.

बीप.

सुरुवात इतकी संथ की पोरं हसतात. ताशी दहा किलोमीटर, म्हणजे वीस मीटरला सात सेकंदांच्या वर. दहा नंबर जर्सीवाला तर तिसऱ्या-चौथ्या सेकंदालाच पलीकडच्या रेघेवर पोचतो आणि कमरेवर हात ठेवून बीपची वाट बघत उभा राहतो. ‘‘घाई कशाला? लोकल सुटतेय का?’’ सर ओरडतात. मुलीचं मात्र वेगळं. ती बीप व्हायला आणि तिचा पाय रेघेवर पडायला एकच गाठ घालते. ना आधी, ना नंतर. वळतानाही ती गोल फिरत नाही. रेघेवर पाय रोवते, अंग खाली घेते आणि तिथल्या तिथं उलटते. बाकीचे मोठा वळसा घेऊन फुकट दोन-तीन पावलं खर्च करतायत. आत्ता त्याचं कुणाला काही वाटत नाही.

चार फेऱ्यांतच वेग तेरावर जातो. मग साडेतेरा, चौदा. बोलणं बंद होतं. ऐकू येतात ते नुसते बूट, बीप, आणि स्पीकरमधल्या माणसाचं इंग्रजी, ‘‘लेव्हल फोर्टीन.’’ आता प्रत्येक वेगाला आठ-आठ फेऱ्या. नियम साधा आहे: बीपच्या आत रेघ गाठली नाही तर एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर.

पहिली ताकीद गोलकीपरला. ‘‘सर, पाय लागला होता!’’

‘‘रेघेला लागला होता की रेघेकडे बघितलं होतंस?’’

14.5 ला, म्हणजे चौदाव्या पातळीची पाचवी फेरी करून, तो बाहेर येतो. 640 मीटर. त्याला त्याचं सोयरसुतक नाही. ‘‘आपलं काम उभं राहायचं,’’ असं म्हणत तो गवतावर आडवा होतो, तर मॅम त्याला बखोटीला धरून उठवते. झोपायचं नाही, चालायचं. आणि दोन बोटं मानेवर ठेवायची, अंगठा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. बोटं हलकी ठेवायची, कारण मानेवरची ती शीर जोरात दाबली तर ठोके खाली येतात आणि हिशेब चुकतो. ‘‘पंधरा सेकंद मोज, चारनं गुण.’’ जोडीदार मोजतो, सत्तेचाळीस, आणि मग आकाशाकडे बघत बसतो. ‘‘एकशे अठ्ठ्याऐंशी,’’ गोलकीपरच धापा टाकत सांगतो. एका मिनिटानं पुन्हा मोजायचं, तीन मिनिटांनी पुन्हा. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे अंतराच्या रकान्याशेजारी हे तीन रकाने आहेत. सरांचा जीव खरा त्या तीन रकान्यांत आहे, हे त्यांच्या डोकावण्यावरून कळतं.

पंधरावी पातळी. वीस मीटरला आता पाच सेकंदही मिळत नाहीत. आणि ते दहा सेकंद बघण्यासारखे होतात. मघाशी पोरं त्यांत एकमेकांना टपल्या मारत होती. आता कुणी गुडघ्यांवर हात टेकवतं, कुणी थुंकतं, कुणी आकाशाकडे तोंड करून आ वासतं. दहा नंबर वाकून उभाच राहतो, मागच्या रेघेकडे जातच नाही. मुलगी चालते. खांदे सैल, नजर खाली, तोंडानं लांब श्वास बाहेर सोडत पाच मीटर जाते, वळते, पाच मीटर येते, आणि बीपच्या आधी एक सेकंद रेघेवर येऊन उभी राहते. कुणी शिकवलंय की तिचं तिलाच उमगलंय, कोण जाणे.

या दहा सेकंदांत आत चाललेली गडबड मॅम मला समजावून सांगते, नजर घड्याळावरच ठेवून. जोरदार पळण्यासाठी स्नायूंत जे तयार इंधन असतं ते काही सेकंदांत संपतं. ते पुन्हा भरायचं तर प्राणवायू लागतो. निम्मं भरायलाच अर्ध्या मिनिटाच्या आसपास जातं. इथं मिळतात दहा सेकंद. म्हणजे प्रत्येक फेरीला थोडं देणं मागे राहतं, वाण्याच्या वहीसारखं, आणि पंधराव्या-सोळाव्या पातळीला वाणी दारात येऊन उभा राहतो. ज्याचं हृदय, फुप्फुसं, रक्त प्राणवायू लवकर पोचवतं, त्याचं देणं कमी साठतं. धाप जो लवकर आवरतो तोच पुढच्या बीपला उभा राहू शकतो.

आज त्यात हवेची भर. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडेही धाडावं लागतं, म्हणून त्याच वेगाला ठोके जास्त पडतात आणि खाली यायला वेळ लावतात. सरांच्या फाइलमध्ये कुठल्याशा तक्त्याची झेरॉक्स आहे: अव्वल आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू 2400 मीटरच्या आसपास. पोरांना ती दाखवायची आणि लाजवायचं, असं काही प्रशिक्षक करतात. मला तो शुद्ध आचरटपणा वाटतो. कुठं युरोपातलं थंडगार हिरवं मैदान आणि कुठं दहिसरच्या खाडीकडून येणारी ही ओली हवा, खालची ढेकळं, दोन वर्षं जुने बूट! तुलना करायचीच तर पोराची त्याच्याशीच करावी, गेल्या महिन्यातल्या त्याच्याशी. सरही तेच करतात असं दिसतं. झेरॉक्स फाइलमध्येच राहते, वही बाहेर येते.

15.3 ला दहा नंबर बाहेर. 880. तो वाकून उभा राहतो, चेहरा पांढरा पडलाय.

‘‘काय खाल्लंस सकाळी?’’

‘‘चहा.’’

‘‘नुसता चहा?’’

‘‘उपवास आहे मॅम. नऊ दिवसांचा.’’

सर कपाळावर हात मारतात. ‘‘अरे, देवीनं उपवास करायला सांगितलाय, उपाशी पळायला नाही सांगितलं.’’ मॅम पिशवीतून केळं काढून त्याच्या हातात देते. रताळं, केळी, खजूर, हे सगळं उपासाला चालतं आणि पळणाऱ्याला लागतंही, पण आदल्या रात्री आणि सकाळी खाल्लं तर. तो केळं सोलतो आणि दोन घासांत संपवतो.

आता पाचजण उरलेत. डाव्या बॅकला पहिली ताकीद बसते. वडील कप खाली ठेवतात. ‘‘चल, चल, चल!’’ पोरगं दात आवळून पळतंय. वेगात काही कमी नाही, पण रेघेवरून परतल्यावर ते दहा सेकंद त्याला पुरत नाहीयेत. बीप होते तेव्हा तो अजून मागच्या रेघेपाशीच असतो. पुढच्या फेरीला पलीकडून परत येताना त्याचे पाय जड पडताना दिसतात, आणि शेवटच्या दोन मीटरवर बीप त्याला गाठते.

‘‘बस. बाहेर.’’

15.6. हजार मीटर. गेल्या महिन्यात त्याचे 17.4, म्हणजे 1560 झाले होते.

मॅम घड्याळ बघते. 200. एका मिनिटानं 176. तीन मिनिटांनी 148. ती आकडे लिहिते आणि वही सरांपुढे धरते. मीटरांवरून शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता काढायचं एक सूत्र आहे: अंतराला 0.0084 नं गुणायचं आणि 36.4 मिळवायचे. त्या हिशेबानं या पोराची क्षमता महिन्याभरात साडेएकोणपन्नासवरून पंचेचाळीसच्याही खाली आली म्हणायची. सूत्र बिचारं गणित करतं. महिन्याभरात फुप्फुसं आक्रसत नाहीत.

‘‘काल कुठं होतास?’’ सर विचारतात.

‘‘घरीच सर.’’

‘‘सर, याचं स्टेटस बघा,’’ गोलकीपर गवतावरून सांगतो.

हशा पिकतो. स्टेटसवर काय आहे ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. बोरिवली-दहिसरात नवरात्र म्हणजे गरबा, आणि शनिवारची रात्र म्हणजे तर विचारायलाच नको.

‘‘किती वाजेपर्यंत?’’

‘‘बारा. मग चालत आलो सर. झोपायला दीड झाला.’’

‘‘किती तास नाचलास?’’

डावा बॅक काही बोलत नाही. वडीलच बोलतात, जरा ओशाळून, ‘‘मीच म्हटलं, जा. वर्षातनं एकदाच असतं.’’ मग थोडं थांबून, ‘‘परवा रात्री क्लासवरनं दहाला आला होता. अकराला आज परत टेस्ट आहे क्लासची.’’

‘‘अकराला?’’

‘‘हो, बोरिवलीला.’’

यावर कुणी काही बोलत नाही, कारण स्पीकर बोलतोय: लेव्हल सिक्सटीन. मुलगी अजून आत आहे, आणि तिच्यासोबत एक सडपातळ पोरगा, बचावफळीच्या पुढं खेळणारा, ज्याच्याकडे मी आत्तापर्यंत बघितलंही नव्हतं. भारतीय क्रिकेटपटूंना पास व्हायला 16.1 लागायचे, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यामुळे ती फेरी पूर्ण होताच बाहेरच्यांची बोंब उठते, ‘‘टीम इंडिया! टीम इंडिया!’’ मुलगी हसत नाही. 16.4 पर्यंत ती जाते, पुढच्या फेरीत दुसरी ताकीद बसते, आणि थांबल्यावरही ती तशीच चालत राहते, मागच्या रेघेपर्यंत आणि परत, जणू फेरी बाकी आहे. 1240 मीटर. वळसे न घेता वाचवलेली पावलं इथं कामाला आलेली असतात.

उरतो एकटा सडपातळ पोरगा. आता सगळे रेघेच्या दोन्ही बाजूंना उभे. वीस मीटरला साडेचार सेकंद. तो ठोक्यावर जातो, ठोक्यावर येतो. बाजूला क्रिकेटवाले जमायला लागलेत. स्टम्प खांद्यावर घेऊन तेही बघतायत. ‘‘17.2 ला विराट आहे,’’ कुणीतरी ओरडतं. 2023 साली कोहलीनं स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकलेला तो आकडा. 17.2 येतो, जातो. पोरग्याला ऐकू गेलं की नाही कळत नाही. 17.6 झाल्यावर पुढच्या फेरीत तो रेघेच्या एक पाऊल अलीकडे अडखळतो आणि हात वर करतो. 1640 मीटर, साडेतेरा मिनिटांच्या वर. ठोके 196, मिनिटाभरानं 148, तीन मिनिटांनी 116.

सर वहीवर बोट ठेवून दोन ओळी एकमेकींशेजारी धरतात, डाव्या बॅकची आणि याची. कमाल ठोके जवळपास सारखेच. पण एका मिनिटात एकाचे 24 नं उतरलेत, दुसऱ्याचे 48 नं. ‘‘काल काय केलंस रे?’’ ते सडपातळ पोराला विचारतात.

‘‘काही नाही सर. आजी आलीये गावाहून. साडेनऊलाच दिवे बंद करते.’’

इथं मात्र वडील पुढं येऊन वहीत डोकावतात. मघाचा चेंडूचा प्रश्न मागे पडलेला दिसतो. ‘‘म्हणजे हा कमी पडला तो पळण्यात नाही?’’

‘‘पळण्यात तुमचा मुलगा या सगळ्यांना भारी आहे, दादा. सावरण्यात कमी पडला. दहा सेकंदांत सावरायचं तर आधी रात्री आठ तास सावरायला पाहिजेत. आणि लीगच्या मॅचला कूपरेजला जायचं म्हणजे पहाटे उठून विरारहून भरून आलेल्या गाडीत तासभर उभं राहायचं. मग तिथं उतरून पळायचं.’’

‘‘ते पण खरं.’’

दुसरी तुकडी रेघेवर उभी राहते. जोडीदार बदलतात, वह्या बदलतात, पट्टा धुऊन, पुसून दुसऱ्याच्या छातीवर चढतो. क्रिकेटचा कप्तान येऊन विचारतो, ‘‘सर, अजून किती?’’ ‘‘पंधरा मिनिटं.’’ ‘‘मघाशी पण पंधराच बोलला होतात.’’ तेवढ्यात फक्कीची एक रेघ कुणाच्या तरी बॅगेखाली अर्धी पुसलेली सापडते आणि टेप पुन्हा बाहेर येते. एक ते एकवीस.

दुसऱ्या तुकडीचं फार सांगण्यासारखं नाही. ऊन वर आलंय, चिकटपणा वाढलाय, आणि पहिल्यांचं पाहून सगळे शहाणे झाल्यामुळे सुरुवातीला कोणी पुढं पळत नाही. आठातले सहा पंधराव्या पातळीत गळतात. एकाच्या पोटरीत गोळा येतो, त्याला बाहेर घेऊन मॅम पाय ताणून धरते. सर्वांत जास्त 16.2.

शेवटी सगळे पायऱ्यांवर बसतात. सर डाव्या बॅकच्या नावापुढे लिहितात, पुन्हा घ्यायची. ‘‘तुझी एकट्याची नाही, सगळ्यांचीच घेऊ. नीट झोप काढून या. दसऱ्यानंतरचा रविवार.’’

‘‘सर, तेव्हा आमची सहामाही,’’ मुलगी सांगते.

‘‘मग त्याच्या पुढचा.’’

‘‘आदल्या शनिवारी सोसायटीनं कोजागिरी ठेवलीये सर,’’ गोलकीपर. ‘‘दूध बारानंतरच देतात.’’

‘‘त्याच्या पुढचा?’’

‘‘क्लासची फुल पोर्शन टेस्ट.’’

‘‘मग दिवाळीच आली,’’ मॅम म्हणते.

वडील कप चुरगाळून खिशात टाकतात. ‘‘सर, असं करा. कुठल्याही दिवशी पहाटे पाचला घ्या. पोरांना मी रिक्षातनं आणतो, दोन खेपा करीन.’’

‘‘दादा, पाचला घेतली तर ही पोरं झोपणार कधी?’’

क्रिकेटवाल्यांनी स्टम्प रोवायला सुरुवात केलीये. बऱ्याच घासाघिशीनंतर धनत्रयोदशीच्या आधीचा रविवार ठरतो, सकाळी साडेसहा. सर वहीत तारीख लिहून खाली दोनदा रेघ मारतात. डावा बॅक बॅग खांद्याला अडकवतो, वडिलांच्या मागं निघतो आणि फाटकापाशी थांबून विचारतो, ‘‘सर, तीच संध्याकाळी घेता येईल का?’’